जेवण नाही म्हणून गोळी नाही

आधीच सांगून टाकते, मी अडाणी नाही. बारावी शिकलेली आहे. जळकोट तालुक्यातल्या एका गावात सतरा वर्षांपासून अंगणवाडी चालवते. गावातल्या गरोदर बायांना लोहाच्या गोळ्या मी देते, कशा घ्यायच्या ते मी सांगते, कुणी घेतल्या अन् कुणी गादीखाली दडवल्या तेही मला बरोबर कळतं. हे एवढ्यासाठी सांगायलेय की मागच्या दिवाळीत नांदेडच्या दवाखान्यात एक डॉक्टर मला म्हणाला, "तुम्ही खेड्यातले लोक सांगितलेलं ऐकतच नाही."

वा रे वा! मी सांगितलेलं अक्षरन् अक्षर ऐकलं होतं. ऐकलं म्हणूनच मरायला टेकले होते.

ज्यांच्या घरात कुणी रक्त पातळ करायची गोळी घेतं त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. डॉक्टरकी शिकवायची माझी पात्रता नाही. माझं काय झालं ते सांगते. सांगताना राग येईल, तो मी आवरणार नाही. वर्षभर आवरून पाहिला, पोटात गोळा होऊन बसतो.

झडप

लहानपणी मला सांधेताप झाला होता. गुडघे सुजायचे, ताप यायचा, आईनं लेप लावले, बरं झालं, सगळे विसरले. त्या तापानं हृदयाची झडप खाल्ली हे कळायला मला चव्वेचाळिसावं वर्ष लागलं. तालुक्याच्या मीटिंगला जिना चढताना धाप लागायची. सोबतच्या बाया चिडवायच्या, "बाई, जाड झालीस की गं!" मीही हसायचे. मग एक दिवस मधल्या पायरीवरच बसले ते उठताच येईना.

लातूरच्या हृदयाच्या डॉक्टरांनी छातीवर यंत्र फिरवून पडद्यावर दाखवलं. "झडप कामातून गेलीय. बदलावी लागेल." आमचे मालक मोटारी वाइंडिंग करतात, स्टँडजवळ त्यांचं दुकान आहे. त्यांनी विचारलं, "डॉक्टरसाहेब, नवी किती वर्षं चालंल?" डॉक्टर म्हणाले, धातूची बसवली तर जन्मभर, पण गोळीही जन्मभर. मालकांना ते पटलं. लेक लातूरलाच नीटच्या क्लासला होती. तिच्या खोलीवर गेलो, तिनं चहा केला, आणि कप हातात आल्यावर मला रडू फुटलं.

ऑपरेशन हैदराबादला झालं. चांगलं झालं. त्या लोकांबद्दल माझी काही तक्रार नाही.

त्यानंतर सुरू झाली ती गोळी. आत धातू असला की त्यावर रक्ताची गुठळी धरू शकते. गुठळी सुटून डोक्यात गेली तर लकवा, झडपेतच अडकली तर जागेवर खेळ खलास. म्हणून रक्त पातळ ठेवायचं. पण जास्त पातळ झालं तर ते वाहायला लागतं आणि थांबत नाही. दोन्हीच्या मधे राहायचं. मधे आहोत की नाही ते बघायला रक्त तपासतात, त्याचा एक आकडा येतो, त्याला आयएनआर म्हणतात. माझा आकडा अडीच ते साडेतीनच्या मधे हवा. एवढंच शास्त्र मला येतं.

शिक्का

पुढची तपासणी लातूरच्याच डॉक्टरांकडे. तिथं देवणी, जळकोट, निलंगा, कुठून कुठून माणसं आलेली असतात. सकाळच्या एसटीनं जावं, नंबर लावावा, रक्त द्यावं, दुपारी रिपोर्ट घ्यावा आणि आत जावं. आत किती वेळ? पेशंट खुर्चीत नीट बसेपर्यंत डॉक्टरांचं लिहून होतं. बाहेर कंपाउंडर चिठ्ठीवर प्रत्येक गोळीपुढे शिक्के मारतो. माझ्या गोळीपुढे दोन शिक्के होते: संध्याकाळी. जेवणानंतर.

डॉक्टरांनी तोंडी तीन गोष्टी सांगितल्या होत्या. गोळी टायमावर घ्या, पालेभाजी कमी खा, महिन्याला या. मी आठ महिने तसंच वागले. आकडा चांगला यायचा. डॉक्टर खूश, मी खूश.

मग नवरात्र आलं.

नऊ माळा

आमच्या घरी घट बसतात. लग्न झाल्यापासून नऊ दिवसांचा उपास मी धरते, माझ्या आधी आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, धरायच्या. आता त्यांना झेपत नाही म्हणून त्या फक्त उठता-बसता धरतात, पहिला आणि शेवटचा. ऑपरेशननंतरचं ते पहिलंच नवरात्र. मी जिवंत होते, देवीनं तारलं होतं, मग उपास सोडायचा तरी कसा? उलट यंदा मी जास्तच मनापासून धरला.

घट बसले त्या दिवशी आत्याबाईंनीच विचारलं, "आन् तुझ्या गोळीचं काय गं?"

मी म्हणाले, "जेवणानंतरची हाय आत्याबाई. जेवणच न्हाई तर गोळी कशावर घेऊ?"

"हाव, ते बी खरंच," म्हणाल्या.

एवढंच बोलणं झालं. दोघींनाही त्यात काही चुकीचं वाटलं नाही. आमच्याकडं लहान लेकराला विचारा, उपाशीपोटी गोळी घेतली तर काय होतं? आतडी जळतात, म्हणून सांगेल. मी स्वतः बायांना सांगते, लोहाची गोळी रिकाम्या पोटी घेतली की मळमळतं, काहीतरी खाऊन घ्या. आणि कुणी म्हणेल, बाई, तू साबुदाणा खात होतीस, भगर खात होतीस, मग पोट रिकामं कुठं होतं? अहो, त्याला आम्ही फराळ म्हणतो. भाकरी पोटात गेली तर जेवण. नऊ दिवस आमच्या घरात मी "जेवले" असं म्हटलं असतं तर आत्याबाईंनी घटासमोर नाक घासायला लावलं असतं.

तर सगळ्या गोळ्या डब्यात भरून फळीवर ठेवल्या. नऊ माळा चढल्या. मला काहीही झालं नाही. उलट हलकं वाटत होतं, बरं वाटत होतं. गावातल्या बायांना मी सांगत सुटले की बघा, ऑपरेशन होऊनसुद्धा नऊ दिवस निभावले. दसऱ्याला उपास सुटला, पुरणपोळी खाल्ली आणि त्या संध्याकाळपासून गोळी पुन्हा सुरू.

त्या नऊ दिवसांत माझ्या छातीतल्या धातूवर काय काय होऊ शकलं असतं ते मला आता ठाऊक आहे.

एक प्रश्न

दसऱ्यानंतर दोन दिवसांनी लातूरची तारीख होती. आकडा आला एक पूर्णांक दोन.

डॉक्टरांनी कागद बघून कपाळाला आठ्या घातल्या. "गोळी घेता ना?"

"हाव, घेते की."

खोटं बोलले का मी? काल घेतली होती, परवा घेतली होती. घेत होतेच. शपथ घ्यायला लावली असती तरी मी तेच सांगितलं असतं.

त्यांनी गोळी दुप्पट केली. "महिन्याने या," म्हणाले. माझ्यामागचा पेशंट तोवर दारातून आत आला होता.

आता माझा राग ऐका. सतरा वर्षं अंगणवाडी चालवणारी बाई कधीही "गोळी घेतेस का" असं विचारत नाही. कारण त्याचं उत्तर एकच असतं, "हाव बाई." नवी मदतनीस आली की तिला मी पहिल्या आठवड्यातच शिकवते, विचारू नको, पाकीट मागून बघ. पाकिटात गोळ्या जास्त राहिल्या असतील तर हळूच विचार, कोणत्या दिवशी नाही घेतली? सणाला? माहेरी गेली होतीस? मळमळलं होतं? तेव्हा खरं बाहेर येतं. आम्हाला हे कुठल्या कॉलेजात शिकवलं नाही. रोज माणसांशी बोलून कळतं.

आणि इथं आठ महिने बरोबर येणारा आकडा अचानक कोसळला, त्याचं कारण या साहेबांनी विचारलं नाही. टेबलावर त्यांच्या कोपराजवळ दसऱ्याला वाटलेली आपट्याची पानं पडली होती! नवरात्र नुकतं उठलंय हे दिसत होतं. समोर लातूर जिल्ह्यातली बाई बसली आहे. "उपास होता का?" तीन शब्दांपुरतं तोंड हलवायचं होतं. नाही हलवलं. गोळी दुप्पट केली आणि महिनाभर सोडून दिलं. गोळी कमी-जास्त केली की थोड्याच दिवसांत पुन्हा रक्त तपासायचं असतं, हेही मला नंतर नांदेडला कळलं.

भाऊबीज

दिवाळीच्या फराळाचं करायला बसून बसून माझं अंग मोडून आलं. मालकांनी मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्या आणल्या. त्यांनी विचारलं नाही, मेडिकलवाल्यानं विचारलं नाही, मीही सांगितलं नाही की मी अशी अशी गोळी घेते. चार दिवस त्या खाल्ल्या. हातावर निळे डाग दिसायला लागले. कुठं आपटलं तर आठवेना. आत्याबाई म्हणाल्या, उष्णता झाली असेल. सब्जा प्यायले. परसाकडं काळं व्हायला लागलं, डांबरासारखं. ते तर मी कुणालाच सांगितलं नाही. काय सांगायचं? कुणापुढं बोलायची ती गोष्ट आहे का? तिथंच चुकलं. ज्यांना ही गोळी चालू आहे त्यांनी लाज सोडून सांगायची पहिली गोष्ट तीच आहे.

भाऊबीजेला नांदेडला भावाकडं गेले. ओवाळणी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासताना हिरड्यातून रक्त आलं, आणि पाठोपाठ घुळणा फुटला. वहिनीनं डोक्यावर गार पाणी थापलं. भावानं कांदा फोडून नाकाशी धरला. अर्धा तास गेला, रक्त काही थांबेना. एक टॉवेल भरला, दुसरा घेतला. घशात रक्त उतरत होतं, मी थुंकत होते. भावाची धाकटी पोरगी दारात उभी राहून ओरडायला लागली, "आत्या, बंद कर गं, बंद कर!"

मला मरणाची भीती वाटली. सरळ सांगते. लोक लिहितात ना, त्या क्षणी शांत वाटलं वगैरे. मला काही शांत वाटलं नाही. लेकीची परीक्षा व्हायची आहे एवढंच डोक्यात होतं. आणि ऑटोत भावाचा दंड मी एवढा घट्ट धरला होता की त्याला नखं लागली.

खाट

आकडा आला नऊच्या वर. नाकात बोळे कोंबले, हाताला रक्तातल्या पिवळट पाण्याची, प्लाझ्माची, पिशवी लावली. तोंडानं श्वास घ्यायचा, त्यामुळे जीभ कोरडी पडायची. बोलले की आवाज गेंगाणा यायचा.

बायकांचा वॉर्ड होता. सकाळी फिनाईलची बादली यायची, मग चादरी झटकायच्या, मग चहा, मग डॉक्टरांचा राऊंड. राऊंडला रोज नवं कुणीतरी यायचं आणि पहिल्यापासून सगळं विचारायचं. वॉर्डातल्या मावशी फार चांगल्या होत्या. माझे केस रक्तानं चिकटले होते. त्यांनी दुसऱ्या दिवशी दुपारी आपणहून ओल्या फडक्यानं पुसून वेणी घालून दिली. "घरी जाताना सवाष्णीवानी जायचं," म्हणाल्या. तेवढ्यानं मला धीर आला.

शेजारच्या खाटेवर मुखेडकडच्या एक आजी होत्या. साठीच्या पुढच्या, हाडापेरानं मजबूत, शेतात राबलेल्या. उजवं अंग पडलं होतं, तोंड वाकडं, नाकात नळी. बोलता येत नव्हतं. नुसतं बघायच्या. त्यांची लेक सुनंदा त्यांच्या उशाशी बसलेली असायची. तिसऱ्या दिवशी बोळे काढल्यावर मी तिला विचारलं, काय झालं गं आईला?

"नवरात्रात झालं, ताई. आठव्या माळंला. सकाळी फुलं तोडायला उठली आन् तिथंच पडली. डोस्क्यात गुठळी गेली म्हंत्यात."

"आधीचा काही आजार?"

"ठोके चुकायलेत म्हणून गोळी चालू होती. रक्त पातळ करायची."

मी उठून बसले. "मग गोळी घेत होत्या ना?"

सुनंदानं माझ्याकडं बघितलं. "मीच देत होते, ताई. रोज माझ्या हातानं. पर घट बसल्यापासून ती अन्नाला शिवली न्हाई. कागदावर जेवणानंतर लिवलं होतं. मग मी कशी देणार?"

तोवर मला कुणी सांगितलं नव्हतं की माझं रक्त एवढं का वाहिलं. दुखण्याच्या गोळीमुळं असेल असं चाललं होतं. सुनंदा बोलली आणि सगळं एका ओळीत लागलं. मीही गोळी बंद केली होती. म्हणून आकडा पडला. म्हणून डोस दुप्पट झाला. मग मी रोज घेऊ लागले आणि रक्त पाण्यासारखं झालं, वरून दुखण्याच्या गोळ्या. त्या आजी एका बाजूला पडल्या, मी दुसऱ्या. माझं नशीब की मला रक्त आलं.

सुनंदाला मी हे कसं सांगू? पण तिला कळलंच होतं. जवळजवळ महिनाभर ती तेच मनात घोळवत बसली होती. "माझ्याच हातानं झालं," म्हणाली. मी म्हणाले, "तुझ्या हातानं न्हाई बाई. वाचता येणाऱ्या माणसानं जे केलं असतं तेच तू केलंस."

तुम्ही लोक

संध्याकाळच्या राऊंडला जो तरुण डॉक्टर आला त्याला मी सगळं सांगितलं. माझंही, आजींचंही. त्यानं पेन खाली ठेवलं आणि मलाच झापायला लागला.

"अहो, नऊ दिवस? डोकं आहे का? हार्टची गोळी उपासासाठी बंद करतात? तुम्ही खेड्यातले लोक सांगितलेलं ऐकतच नाही!"

सुनंदानं मान खाली घातली. ती मान खाली गेलेली बघितली आणि माझा पारा चढला.

"थांबा डॉक्टर," मी म्हणाले. "कागद बघा. तिचा बी बघा आन् माझा बी. काय लिवलंय?"

"जेवणानंतर."

"उपासाला काय करायचं ते कुठं लिवलंय?"

"ते समजून घ्यायचं असतं, ताई."

"कुणी समजून घ्यायचं? मी बारावी, ही सातवी, आजींना अंगठा. तुम्ही किती वर्षं शिकलात? मग समजून कुणी घ्यायचं? आमच्यात वर्षाला किती उपास असतात ठाऊक हाय का? सोमवार, एकादशी, शिवरात्र, नवरात्र. तुमच्या आईला विचारा, तिचे बी निघतील. मग तिला बी असंच इचाराल का, डोकं हाय का?"

मावशी बादली धरून उभ्या राहिल्या. तो बिचारा लाल झाला. बिचारा म्हणते, कारण नंतर कळलं की तो कालपासून घरी गेला नव्हता. पण त्या क्षणी मला त्याची काही दया आली नाही. "मी सरांशी बोलतो," म्हणून तो निघून गेला.

घरातही भांडण पेटलं. मालक नांदेडला धावून आले होते, ते माझ्या खाटेशी उभं राहून फोनवर आत्याबाईंवर ओरडले, "तुझ्या उपासानं मारली असतीस तिला!" आत्याबाई रडायला लागल्या. मी फोन हिसकावून घेतला. म्हटलं, त्यांनी विचारलं होतं, गोळी नको हे मी ठरवलं. आईला बोलायचं न्हाई. तर मालक माझ्यावर उलटले, "मग तुला एवढं कळू नये? तू तर गावाला शिकवतीस!" हे मात्र लागलं. खरं होतं म्हणून लागलं. दोन दिवस आम्ही एकमेकांशी धड बोललो नाही. ते यायचे, डबा ठेवायचे, स्टुलावर बसायचे. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "मोटार जळाली तर मी आधी इचारतो, लाईट कधी गेली होती, कुणी चालू केली. त्या डॉक्टरनं एवढं बी इचारलं न्हाई?" तेव्हा मला वाटलं, चला, माणूस आपल्या बाजूला आला.

भावानं लातूरच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांचं उत्तर असं, "मी विचारलं होतं. त्या हो म्हणाल्या." बस्स. विषय संपला त्यांच्यापुरता.

आता मी काय करते

वर्ष झालं. मी बरी आहे. लेकीची परीक्षा झाली. गोळी चालूच आहे आणि तिला मी आता घाबरत नाही, पण तिच्याशी खेळतही नाही. रोज एकाच वेळेला घेते, जेवले असो नसो. या गोळीला जेवणाची गरज नाही, पाण्याबरोबर चालते, हे मला नांदेडला मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं. तुमची गोळी दुसरी असेल, काही गोळ्यांना जेवण लागतंही, म्हणून स्वतःच्या डॉक्टरला तोंडानं विचारा, "उपासाला काय करू?" ते चिडले तर चिडू द्या. विसरले आणि त्याच दिवशी आठवलं तर घेते. दुसऱ्या दिवशी आठवलं तर कालची आणि आजची मिळून दोन कधीच घेत नाही, वहीत लिहून ठेवते आणि तपासणीला सांगते. आणि मनानं बंद तर कधीच करत नाही, बरं वाटलं तरी.

पालेभाजी मी भीतीनं पार सोडली होती. तेही चुकीचं. थोडी खायची, पण दर आठवड्याला साधारण सारखीच. महिनाभर एक पान नाही आणि येळवसला, म्हणजे वेळा अमावस्येला, शेतात बसून पातेलंभर पालेभाजीची भज्जी, असं केलं की आकडा हलतो. यंदा येळवसला मी एक वाटी खाल्ली आणि आंबील भरपूर प्यायले. दुखण्याची गोळी, काढा, सुई, दात काढणं, काहीही असलं तरी आधी सांगते, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. मेडिकलवाला आता मला बघितलं की स्वतःच म्हणतो, "ठाऊक हाय बाई." तरी मी पुन्हा सांगते. कंपनी बदलून पाकीट दिलं तर त्यावरचा आकडा वाचून घेते, गोळी एक मिलिग्रॅमची आहे की दोनची. काळं परसाकडं, लाल लघवी, न थांबणारा घुळणा, डोक्याला मार, तोंड वाकडं होणं, हात जड पडणं, जीभ अडखळणं, यातलं एक जरी झालं तरी घरी कांदा फोडत बसायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा.

नवरात्र यंदाही धरलं. रोज संध्याकाळी आरती झाली की गोळी. पहिल्या दिवशी आत्याबाईंनी माझ्याकडं बघितलं आणि पाण्याचा तांब्या पुढं सरकवला. मला वाटतं देवीलाही काही वाटलं नसावं.

सुट्टी

हे सगळं लिहायला बसले ते खरं तर नांदेडच्या शेवटच्या दिवसामुळं.

नवव्या दिवशी मला सुट्टी मिळाली. त्याच दिवशी आजींनाही घरी न्यायला सांगितलं होतं, आणखी काही होण्यासारखं नाही म्हणून. नळीतून कसं भरवायचं ते सिस्टर सुनंदाला दाखवत होती. मला कागद मिळाला. मी खाटेवर बसून वाचला. गोळीचं नाव. किती. संध्याकाळी. आणि त्याच्यापुढं छापलेला तोच शब्द, जेवणानंतर.

नऊ दिवस मी त्यांच्या वॉर्डात रक्त ओकले. त्यांच्या डॉक्टरला सगळ्यांदेखत सांगितलं. शेजारी एक म्हातारी लोळागोळा होऊन पडली आहे. आणि कागदावर पुन्हा तेच! मालक म्हणाले, "चल, आता आपल्याला ठाऊक हाय की. बाहेर ऑटो उभा हाय." मी म्हणाले, मला ठाऊक हाय, पर हा कागद माझ्यासाठी नसतो. मला काही झालं तर जो मला गोळी देईल त्याच्यासाठी असतो. मी काही उठत नाही.

सिस्टरनं सांगून बघितलं. खाट दुसऱ्या पेशंटला हवी आहे, म्हणाली. मी मांडी घालून बसले. शेवटी तोच तरुण डॉक्टर आला. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले. मला वाटलं आता पुन्हा वाजणार. पण तो खाटेशी येऊन उभा राहिला. मी कागद पुढं केला. "हे खोडा," म्हटलं, "आन् मराठीत लिवा."

"काय लिहू?" त्यानं विचारलं. खरंच विचारलं, चेष्टेनं नाही.

"लिवा. जेवण झालं नाही तरी घ्यायची. उपास असला तरी घ्यायची."

त्यानं जेवणानंतर हा शब्द खोडला आणि खाली स्वच्छ अक्षरात ते लिहिलं, सही केली. कागद मला परत देणार तेवढ्यात सुनंदा आईच्या उशापासून उठून आली. तिच्या हातात त्यांचा कागद होता.

"आमच्या बी कागदावर लिवा, साहेब," ती म्हणाली.

डॉक्टरनं एकदा आजींकडं बघितलं. मग तो कागद खाटेच्या लोखंडी पट्टीवर ठेवून त्यानं त्यावरही तेच लिहिलं. दोन्ही कागदांवर लिहून सही करायला त्याला एक मिनिटसुद्धा लागलं नाही.